मास्क निरुपयोगी ठरल्याच्या दाव्याबाबत खुलासा

‘मास्कचा काहीही उपयोग होत नाही, हे कोक्रेनच्या जानेवारी २०२३ मधील आढाव्याने सिद्ध केले’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे प्रसिद्ध करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. हात धुण्यापासून मास्कपर्यंतच्या उपायांवरील ७८ चाचण्यांच्या या आढाव्यात कोविडकाळातल्या चाचण्या मोजक्याच होत्या. शिवाय मास्क वापरायला सांगितल्याने संसर्ग घटतो का, हे त्यात तपासले होते, आणि सांगितलेला मास्क प्रत्यक्षात नाकावर राहतो की हनुवटीवर लटकतो, हा प्रश्न अगदी वेगळा आहे. आढाव्यातल्या डेन्मार्कमधील चाचणीत सूचनेप्रमाणे मास्क वापरल्याचे केवळ ४६ टक्के लोकांनी सांगितले होते. सक्तीबद्दल मतभेद असू शकतात, परंतु अपुऱ्या पुराव्याला उपयोग नसल्याचा पुरावा म्हणणे गैर आहे. आढाव्याचा निष्कर्ष अनिर्णायक असल्याचे कोक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनीच १० मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले आहे.