जैसलमेर एका दिवसात ‘उरकत’ नाही

सहलीच्या दिवसांत एक सल्ला हमखास फिरतो: ‘जैसलमेरला एक दिवस पुरे. दुपारी किल्ला, मग एखादी हवेली, संध्याकाळी सम गावाजवळच्या वाळूत उंट. बाकी नुसते ओसाड वाळवंट आहे. पाकिस्तानची सीमा पाहायची असेल तर तनोट गाठा.’ यातले जवळपास प्रत्येक वाक्य प्रवाशाचे नुकसान करते.

किल्ला दुपारी पाहायचा, ही पहिलीच चूक. आतील जैन मंदिरे पर्यटकांना साधारणपणे सकाळच्या वेळातच पाहता येतात. जेवून वर चढणाऱ्याला बंद दारे दिसतात. शिवाय 1156 मध्ये रावळ जैसलने वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. गल्लीत स्कूटर उभ्या असतात, गच्चीवर पापड वाळत असतात. जुन्या वस्तीत पाणी घडे मोजून येई. आता नळ आणि हॉटेलांची न्हाणीघरे यांचे सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरते, आतले थर भिजून मऊ पडतात आणि बुरूज खचतात. म्हणून किल्ला निवांत पाहावा, मुक्काम मात्र खाली शहरात करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एखादी हवेली’ हेही तसेच. पटवांची हवेली म्हणजे मुळात पाच हवेल्यांचा समूह आहे. नथमलची हवेली दोन कारागीर भावांनी डावी-उजवी बाजू वाटून घेऊन घडवली, असे सांगतात. दर्शनी भागासमोर उभे राहून दोन्हीकडचे नक्षीकाम ताडून पाहा. दुरून सारख्या वाटणाऱ्या बाजू जवळून जुळत नाहीत.

‘ओसाड’ हा शब्द तर मला सर्वांत खटकतो. शहरापासून सुमारे 18 किलोमीटरवरचे कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे सोडून दिलेले गाव लोक भुताखेतांसाठी पाहतात, आणि त्याच पालीवालांची खरी करामत, म्हणजे खडीन, पाहायची राहून जाते. उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालायचा, खडकाळ माळावरून वाहून येणारे पावसाचे पाणी त्यामागे अडवायचे, ते जिरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. बेताच्या पावसात रब्बीचे पीक काढणारी ही पद्धत आपल्या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याने मुद्दाम जाऊन पाहावी अशी आहे. बाडमेर रस्त्यावर आकल येथे सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे उघड्यावर पडलेली आहेत. आणि सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे आपल्याला परिचित असलेला माळढोक पक्षी, ज्याला तिकडे गोडावण म्हणतात, त्याचा आजचा मुख्य आधार हाच ‘ओसाड’ गवताळ प्रदेश आहे.

राहिली सीमा. तनोट शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे. 1971 च्या लढाईचे लोंगेवाला त्यासोबत जोडले की पूर्ण दिवस जातो, म्हणजे ‘एका दिवसा’चा हिशेब इथेच कोसळतो. तनोटमातेचे मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळते आणि 1965 च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तिथे मांडलेले आहेत. पण मंदिर म्हणजे सीमा नव्हे. त्यापुढे कुंपणापर्यंत जायचे तर आधी परवानगी काढावी लागते. ती नसेल तर गाडी तनोटवरूनच मागे वळवावी लागते.