उद्याच्या तासासाठी काहीतरी

‘हल्ली काय बुवा, सगळं नेटवर मिळतं!’ असं म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास नसतो, हे मी खात्रीने सांगते. सगळं मिळतं हे खरंच आहे. घोळ तिथेच आहे. मला सगळं नको असतं. ऋतू कसे होतात हे दाखवणारी एक धड आकृती हवी असते, आणि ती टाचण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मी जागी असेपर्यंत हवी असते.

‘ऋतू’ असं नुसतं शोधलं की आधी पिवळ्या पानांची वॉलपेपरं येतात, मग ऋतू नावाच्या कुठल्याशा मुलीच्या नाचाचे व्हिडिओ. पुढे ‘आकृती’ जोडलं की आकृत्या येतात खऱ्या, पण सगळ्यांना एकच रोग. पृथ्वीची कक्षा आगगाडीखाली सापडलेल्या नाण्यासारखी चपटी. चित्रकाराचा त्यात तसा दोष नाही, त्याने ती तिरप्या कोनातून पाहिलेली असते. पण मुलं तिरप्या कोनातून बघत नाहीत, सरळ बघतात आणि सरळ निष्कर्ष काढतात: सूर्याजवळ गेलो की उन्हाळा, लांब गेलो की हिवाळा. एकदा हे डोक्यात बसलं की वार्षिक परीक्षेपर्यंत हलत नाही.

वास्तविक फळ्यावर मीटरभर लांबीची कक्षा अचूक काढली, तर तिच्या लांबी-रुंदीतला फरक खडूच्या रेघेत बुडून जाईल. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटींवर. म्हणजे उत्तर गोलार्धातली माणसं सूर्य जवळ असताना स्वेटर घालून बसलेली. खरं कारण अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल, आणि मला तो कल ठळक दिसेल असं चित्र हवं. मागणी फार आहे का?

प्रमाणात काढलेलं चित्र मागण्याइतकी मी भाबडी नाही. सूर्य एक मीटरचा धरला तर पृथ्वी जेमतेम नऊ मिलिमीटरची होते आणि ती ठेवायची 107 मीटर लांब. वर्गात सूर्य मावेल, पृथ्वीसाठी मात्र कुणाला तरी मैदानाच्या पार टोकाला उभं करावं लागेल. स्वयंसेवक चिकार मिळतील, परत कुणी येणार नाही.

एका संकेतस्थळावर हवं तसं चित्र दिसलं. खाली ‘मोफत डाउनलोड’ची तीन हिरवी बटणं. त्यातली दोन जाहिराती, तिसऱ्याने नाव, शाळा, विषय, विद्यार्थिसंख्या आणि फोन नंबर विचारला. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवं म्हणाला. ते सगळं दिल्यावर कळलं की मोफत आहे तो नमुना. नमुन्यावर वॉटरमार्क. पानावर अख्खं अवकाश रिकामं पडलेलं, पण वॉटरमार्क नेमका पृथ्वीच्या अक्षावर. कल किती, तेवढंच झाकलेलं.

व्हिडिओंबद्दल न बोललेलं बरं. चॅनेल सबस्क्राइब करून घंटी दाबेपर्यंत पृथ्वी जागची हलत नाही.

मग ‘शिक्षकांनी शिक्षकांसाठी’ केलेलं साहित्य. यावर माझा जीव आहे, कारण त्यामागे कुणाचे तरी रविवार गेलेले असतात. पण असली पीपीटी कधीतरी जुन्या फॉन्टमध्ये केलेली निघते, आणि आपल्या संगणकावर पृथ्वीच्या जागी चौकोन, सूर्याच्या जागी प्रश्नचिन्हं उगवतात. उरलेल्या वेळी ती उत्तम असते, फक्त विषय पचनसंस्था असतो.

एखादी आकृती खरोखर आवडली की तिच्या खाली परवान्याची अक्षरं दिसतात. क्रिएटिव्ह कॉमन्सवाल्यांनी 2002 मध्ये हे परवाने काढले ते आपल्या सोयीसाठीच, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण सीसी, बीवाय, एनसी, एनडी एवढी अक्षरं माझ्या नावापुढेही नाहीत. त्यातल्या एनडीचा अर्थ असा, की चित्रात बदल केलात तर ते बदललेलं चित्र पुढे वाटायचं नाही. म्हणजे चपटी कक्षा गोल करायची ती स्वतःपुरती.

खरा धोका मात्र चांगल्या साहित्याचा. 2001 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स खरोखर मोफत, कित्येक भाषांत उपलब्ध. त्यात गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचं एक आहे. बटण दाबलं की गुरुत्वाकर्षण बंद, आणि पृथ्वी कुणालाही न विचारता सरळ रेषेत निघून जाते. ऋतूंशी याचा काडीचा संबंध नाही. तरी मी पृथ्वीला पुन्हापुन्हा पाठवत राहिले. शिक्षकसभेत असं बटण टेबलाखाली हवं, हा विचार पूर्णपणे शैक्षणिक आहे. भानावर आले तेव्हा रस्त्यावरची कुत्रीसुद्धा झोपली होती.

आणि मग, भलतंच काही शोधताना, सापडलं. भूस्थिर उपग्रहाने एकाच जागेवरून, दिवसाच्या एकाच वेळेला, पण वेगवेगळ्या महिन्यांत टिपलेली पृथ्वीची चार छायाचित्रं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्रीची सीमा सरळ उभी, जून आणि डिसेंबरमध्ये तिरकी, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. ना बाण, ना हसणारा सूर्य, ना वॉटरमार्क. मी एकटीच ‘वा!’ म्हणाले.

वर्गात चारही चित्रं दाखवली. मुलांनी जूनमधल्या चित्रात उत्तर ध्रुव उजेडात आहे, हे मी न सांगता ओळखलं. अंतराचं कुणी नावही काढलं नाही. घंटेला दोन मिनिटं होती आणि मी पहिल्यांदाच वेळेच्या आत समाधानी होते. तेवढ्यात खिडकीजवळचा हात वर आला.

“मॅडम, उत्तर गोलार्धात सगळ्यात मोठा दिवस 21 जूनच्या आसपास ना? मग बऱ्याच देशांत सगळ्यात जास्त गरम जुलैमध्ये का होतं?”

जमीन आणि पाणी सावकाश तापतात, हे उत्तर मला येत होतं, ते मी दिलंही.

“पण ते दिसतं कसं?” तो म्हणाला.

“उद्या दाखवते,” मी म्हटलं. “नेटवर सगळं मिळतं.”