‘डॉ.’ राहू द्या, गुडघ्यावर वजन कधी टाकणार?

९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं गेलं. तेव्हापासून पुण्याकडच्या फिजिओ मंडळींशी बोलणं कशावरूनही सुरू होवो, गाडी तिथेच येऊन थांबते. पाटीवर काय लिहायचं?

इंग्लंडात बसून हा वाद ऐकताना जरा मौज वाटते. इथे सर्जनसुद्धा परंपरेने ‘मिस्टर’ म्हणवून घेतो. फिजिओला तर पेशंट थेट पहिल्या नावाने हाक मारतात. पण तोच बिनबिरुदाचा फिजिओ बऱ्याच भागांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंट तपासतो आणि २०१३ पासून, वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असेल तर, स्वतःच्या सहीने औषधंही लिहितो. हे अधिकार पाटीमुळे आलेले नाहीत. (पुण्यात पाटीला वजन असतं हे मान्य. पाट्यांचंच गाव ते.)

मला काळजी आहे ती पाटीच्या आतल्या खोलीची. सिटिंगमध्ये मिळतं काय?

पासष्टीच्या एका बाईंचा गुडघा दुखतो असं धरू. एक्स-रे निघतो, ‘गॅप कमी झालीय, ग्रीस संपलंय’ असं कानावर पडतं आणि दहा सिटिंग ठरतात. दहा-पंधरा मिनिटं शेक, तेवढाच वेळ आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन), पाच मिनिटं जेल लावून अल्ट्रासाऊंड (तपासणीचा नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार), आणि निघताना टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन ‘दाबा, पाच मोजा, सोडा’. घरी न्यायला झेरॉक्सचा कागद. सगळीकडे असंच चालतं असं नाही, पण हे वर्णन पुण्यात कुणाला अनोळखीही वाटणार नाही.

इंग्लंडात उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ‘नाइस’ ही संस्था काढते. सांध्याच्या झिजेसाठी आयएफटी, टेन्स (हेही विजेचंच मशीन), अल्ट्रासाऊंड, लेझर यांपैकी काही देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं तिने ऑक्टोबर २०२२ मध्ये साफ लिहिलं. कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) आणि पट्टे २०१६ मध्येच बाद झाले होते. आयएफटीत सुमारे ४००० हर्ट्झचे, एकमेकांहून किंचित वेगळे दोन प्रवाह सांध्यात एकमेकांना छेदतात आणि त्यातून मुंग्या आल्यासारखी झिणझिण होते. मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ बरं वाटतं, ते खोटं नाही. पण तेवढा वेळ मांडीचा स्नायू आरामात पडलेला असतो. त्यात ‘झिजलंय’ हे ऐकून बाईंनी जिना टाळायला सुरुवात केलेली असते. स्नायू आणखी बारीक होतो, गुडघा आणखी दुखतो, पुढची दहा सिटिंग ठरतात. मुळात पंचेचाळिशीपुढचं वय, हालचालीने होणारं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा नसणं किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणं, एवढ्यावर ‘नाइस’च्या मते एक्स-रेशिवाय झिजेचं निदान होतं. ताप, लालबुंद सूज किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी.

‘व्यायाम आम्हीही देतो की!’ असं उत्तर पुण्यातून येतं. देतात, पण मोजून देत नाहीत. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्या-खुब्याच्या झिजेसाठी ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो: दोन वेळा माहिती, मग सहा आठवड्यांत देखरेखीखाली व्यायामाची १२ सत्रं. ० ते १० च्या मोजपट्टीवर ५ पर्यंतचं दुखणं त्यात चालतं. मात्र २४ तासांत ते नेहमीच्या पातळीला यायला हवं.

खुर्चीतून उठणंच घ्या. ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईंना ११ उठाही जमल्या नाहीत तर पायांत ताकद कमी आहे. मग आसनाची उंची अशी ठेवायची की ८ ते १२ वेळा जमेल आणि शेवटच्या दोन उठा जड जातील. बसताना तीन मोजत बसायचं. धपकन बसलं की निम्मा व्यायाम गेला. असे दोन-तीन सेट, एक दिवसाआड. बारा सहज जमू लागले की आसन खाली आणा किंवा छातीशी पाच किलो तांदळाची पिशवी धरा.

घोटाळा दोन टोकांना होतो. एक, तीन महिने तोच पाय सरळ उचलायचा, तेच दहा. दोन, पहिल्याच दिवशी चाळीस उठाबशा, दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म, ‘मला व्यायाम सोसत नाही’, आणि परत मशीन. सुजला तर पुढच्या वेळी आकडा निम्मा करायचा, व्यायाम बंद करायचा नाही.

आता इंग्लंडची बाजू. सूचना उत्तम, पण पहिल्या भेटीसाठी कित्येक आठवडे थांबावं लागतं, मग अर्धा तास आणि हातात माहितीपत्रक. दुसरी भेट महिन्याने. आसन कधी खाली आणायचं हे बघायला इथे कुणी नसतं. शिवाय व्यायाम म्हणजे जादू नव्हे: गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाचे जे प्रयोग झाले, त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढणारा ‘कॉक्रेन’ संस्थेचा २०२४चा आढावाही सरासरी फायदा माफकच असल्याचं सांगतो. माझ्या मते म्हणूनच मात्रा आणि देखरेख सोडून चालत नाही. आणि इंग्लंडला न परवडणारा वेळ पुण्याच्या दहा सिटिंगमध्ये पडून आहे. दहा दिवस सलग संपवण्याऐवजी तीच दहा सिटिंग पाच आठवड्यांत पसरा, शेक हवा तर घरी घ्या.

एक गोष्ट मात्र इकडून उचलू नका. इथली बरीच मोजमापं खुर्चीपाशी संपतात. पेठेतल्या बाईंना मात्र पूजेला खाली बसायचंय, वाड्याचा उभा जिना उतरायचाय, पर्वती चढायचीय. म्हणून खुर्चीनंतर चौरंग, मग पाट, मग जमीन. (सांधा बदलला असेल तर आधी सर्जनना विचारायचं.) जमिनीवरून उठताना एक गुडघा जाड सतरंजीवर टेकवायचा, दुसरं पाऊल पुढे सपाट ठेवून भार त्यावर घ्यायचा, एक हात पलंगाच्या कडेवर. आधी त्या हाताची दोन बोटंच ठेवायची, मग तीही काढायची.