‘पर्मनंट केलं की माणूस सुस्तावतो’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज जोरात फिरतोय: “नोकरी पक्की झाली की माणूस सुस्तावतो, सरकारी ऑफिसं बघा. डोक्यावर टांगती तलवार असली की हात चालतात, चुका टळतात. जपानी कंपन्या अशाच मोठ्या झाल्या. कुणालाही पर्मनंट करू नका.” ठेकेदारामार्फत गाड्या जोडायच्या लाइनवर लागलेल्या माझ्या भाच्याला तो पटलासुद्धा, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक थाप म्हणजे भीतीने चुका टळतात. बोल्ट तिरका लागला, आटे मेले. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की वाजणारा पाना, ‘कट्’ वाजतो, पण बोल्टचं डोकं नीट टेकलेलंच नसतं. तिथल्या तिथे हाक मारली तर बोल्ट काढून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवायला दोन-तीन मिनिटं पुरतात. पण ज्याच्या एका शब्दावर आपला ‘ब्रेक’, म्हणजे कामावरून थांबवणं, ठरतो, त्या सुपरवायझरसमोर लाइन कोण थांबवणार? गाडी पुढे सरकते, वर वायरिंग आणि डॅशबोर्ड चढतो. मग तोच बोल्ट शोधायला सगळं उतरवावं लागतं. नाही सापडला तर गाडी तशीच रस्त्यावर येते.

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, याची किंमत बोटांनी मोजावी लागते. हात मशीनखाली राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलं की एक हात पुढचा पत्रा लावायला मोकळा होतो आणि टार्गेट गाठता येतं. पर्मनंट कामगार “आधी पट्टी काढा” म्हणू शकतो. पर्मनंट होण्याचा दावा करता येऊ नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत ब्रेक मिळणारा पोरगा गप्प बसतो.

वेग वाढतो, हे अर्धसत्य मान्य करावं लागतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ताहिरा प्रोब्स्ट यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कामावरून काढण्याची धास्ती घातली, तेव्हा माल जास्त निघाला. पण त्याच प्रयोगात दर्जा घसरला आणि सुरक्षेचे नियम जास्त मोडले गेले. हे मेसेजमध्ये कुठे आहे?

आणि जपान! जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास होती. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘न्यूमी’ नावाने सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. काम उलट जड झालं: मिनिटातले सुमारे ५७ सेकंद हात चालू, पूर्वी ४५ च्या आसपास असायचे. करारात मात्र लिहून दिलं की कंपनीच धोक्यात आल्याशिवाय कपात नाही, आणि त्याआधी साहेबांचे पगार कापू, बाहेर दिलेलं काम आत आणू. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. १९८८ च्या सुमारास मागणी पडली, कारखाना क्षमतेच्या ६० टक्क्यांच्याही खाली गेला, तरी कुणाला काढलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं, लाइनमधल्या सुधारणांवर लावलं. आपण सुचवलेल्या सुधारणेने आपलीच जागा जाणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कोण तोंड उघडेल?

सरकारी ऑफिसांचं म्हणाल, तर तिथे कामाचं माप नीट ठरलेलं नसतं. दुखणं ते आहे. नुसती पक्की नोकरी पुरत नाही, हे खरंच. न्यूमीत तिच्या जोडीला प्रत्येक कामाची लिहून ठेवलेली पद्धत होती, पाच-सहा जणांमागे एक टीम लीडर होता, आणि अडलं की मदत मागायला, वेळ पडल्यास लाइन थांबवायला ओढायची दोरी होती, जी कुणीही ओढावी.