बंद खोली नसणाऱ्यांची प्रार्थना

दर वर्षी जानेवारीत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) वाचून काढण्याचे तक्ते वाटले जातात आणि फेब्रुवारी अर्धा होईपर्यंत त्यांतले बहुतेक तक्ते लेवीयच्या, म्हणजे नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात अडकून पडतात. हिशेब सरळ आहे. ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन अध्याय. भुसावळच्या रेल्वे यार्डात पाळीची नोकरी करणाऱ्या माझा तक्ता कित्येक वर्षे असाच अर्धवट राहिला आणि प्रत्येक वेळी मी त्याचा दोष माझ्या आळसाला दिला. आता मला वाटते की दोष निम्माच माझा होता. उरलेला, आपण रोजच्या वाचन-प्रार्थनेची 'शांत वेळ' म्हणून जे चित्र मनाशी धरून बसलो आहोत, त्याचा आहे.

त्या चित्रात पहाट असते, बंद खोली असते आणि सावकाश वाचू शकणारा माणूस असतो. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणारा त्यात बसत नाही आणि पहाटेच कापूस वेचायला निघणारी बाईही बसत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू प्रार्थनेसाठी 'आपल्या खोलीत जा' म्हणतो, तिथला मूळ ग्रीक शब्द घरातल्या कोठीच्या खोलीसाठीही वापरला जात असे. म्हणजे मुद्दा खोलीच्या ऐसपैसपणाचा नसून कोणाच्या नजरेस न पडण्याचा आहे. स्वतः प्रभू तर पहाटे उठून प्रार्थनेसाठी रानात गेला, असे मार्कचे शुभवर्तमान सांगते. (उपासाचा कितवा दिवस आहे हे रोज व्हॉट्सॲपच्या गटावर कळवणाऱ्या बंधुभगिनींनी हा अध्याय, उपास लोकांना दाखवू नका असे सांगणाऱ्या सोळाव्या वचनापासून, पुन्हा वाचावा, एवढेच नम्रपणे सुचवतो.)

माझी आई अमळनेर तालुक्यातली. तिला अक्षरओळख नव्हती. पाळकसाहेबांनी तिला एकदा शास्त्रवाचनाबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "माले वाचता येस नही, पन आयकता तं येस." ऐकून ऐकून तिला शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेचे तेविसावे स्तोत्र पाठ झाले होते आणि भाकरी थापताना ते ती पुटपुटत असे. पीठ मळायला घेण्याआधी त्यातले मूठभर ती एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकी. डब्याचे झाकण वाकलेले होते, त्यामुळे ते तळहाताने ठोकून बसवावे लागे, आणि तो ठोका ऐकला की आम्हा मुलांना कळे की आईची प्रार्थना सुरू झाली. शनिवारी ते पीठ गल्लीतल्या एका म्हाताऱ्या विधवेकडे जाई. दान, पाठांतर आणि प्रार्थना या तिन्ही गोष्टी तिने चुलीपाशीच बांधून ठेवल्या होत्या, आणि चूल रोज पेटत असल्याने त्या चुकत नसत.

हे काही अडाणीपणातून आलेले सोपे रूप नव्हे. पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅशियन या ख्रिस्ती साधूने मठवासीयांना ७०व्या स्तोत्राचे पहिलेच वचन, देवाला साहाय्यासाठी त्वरा करायला सांगणारे, हातातले काम चालू असताना अखंड म्हणत राहायला सांगितले होते. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बायकांच्या या मुलखात तरी, हात कामात असताना मन देवाकडे लावता येते, हे कोणाला पटवून द्यावे लागू नये.

उपासाबद्दल थोडक्यात. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरतात आणि ६ रविवार वगळले की ४० उरतात, हा हिशेब आपण चोख ठेवतो. परंतु यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायाप्रमाणे आपल्या वाटची भाकर भुकेल्याला पोहोचली का, याचा हिशेब क्वचितच ठेवतो.

मी स्वतः तक्ता सोडून दिला आहे. ११९व्या स्तोत्राची १७६ वचने मुळात ८-८ वचनांच्या २२ कडव्यांत, हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली आहेत. एक कडवे कागदावर उतरवून खिशात ठेवायचे, घरून यार्डापर्यंत सायकलवर जाताना म्हणायचे आणि पाठ झाल्याशिवाय पुढचे घ्यायचे नाही, एवढाच माझा नेम आहे. पाळी कोणतीही असली तरी ड्युटीवर जावेच लागते, म्हणून तो टिकला. मंडळीत काहींना ही पळवाट वाटते, आणि संपूर्ण शास्त्र वाचले पाहिजे हे त्यांचे म्हणणे मला मान्यही आहे. पण जो वाचतच नाही त्याच्या हातात सव्वातीन अध्याय देण्यापेक्षा आठ वचने द्यावीत, असे माझे मत आहे.

सध्या अकराव्या कडव्यावर अडलो आहे. त्यात स्तोत्रकर्ता स्वतःला धुरात टांगलेल्या कातडी बुधल्याची उपमा देतो. मे महिन्यात भुसावळच्या दुपारी दोन वाजता रुळांच्या कडेने सायकल हाकताना, त्या वचनापुढे जायची मला घाई वाटत नाही.