उधाण, ऊन आणि चिखल्या

पक्षी पाहायला पहाटे जायचं असतं, अशी आमच्या आळीत ठाम समजूत आहे. त्यामुळे आश्विनातल्या उन्हात, सकाळी साडेदहाला, गळ्यात दुर्बीण अडकवून मी निघालो की समोरच्या आजी हमखास विचारतात, “आत्ता? पक्षी तरी असतील का रे बाहेर?”

यात माझा काही दोष नाही, चंद्राचा आहे. आम्ही अलिबागेत राहतो, पक्षी अक्षीच्या किनाऱ्यावर उतरतात, आणि तिथलं वेळापत्रक भरतीच्या हातात असतं. ओहोटीला पाणी एवढं आत जातं की पक्षी म्हणजे क्षितिजावर सांडलेली मोहरी. भरतीनं रेटलं तरच ते कोरड्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर दाटीवाटीनं येऊन बसतात. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. किती छान वेळा! पण तेव्हा भांगाचं पाणी, ते फार वर येतच नाही. पाणी खरं चढतं ते पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला, आणि आपल्या किनाऱ्यावर ते उधाण येतं भर दुपारी बाराच्या सुमारास. म्हणून कोजागरीचं आटीव दूध पिऊन रात्रभर जागायचं आणि प्रतिपदेला पाऊण वाजता ऑक्टोबरच्या उन्हात वाळूवर पालथं पडायचं.

पालथं पडण्याचा आग्रह नानांचा. नाना म्हणजे आमचे पुढारी, बँकेतून निवृत्त. माणूस उभा दिसला की पक्षी उडतात म्हणे. खालून वाळू भाजते, वरून पाठ, आणि डोळ्यांत घाम उतरल्यामुळे दुर्बिणीतून सगळी सृष्टी पावसाळी दिसते.

एवढं सोसून पाहायचं काय, तर चिखल्या आणि तुतवार. नावं ठेवत नाही. पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून इथवर येतो, ही गोष्ट मोठीच आहे. माझी तक्रार कपड्यांबद्दल आहे. उन्हाळ्यात तिकडे यांच्या छातीवर विटकरी रंग चढलेला असतो. आमच्याकडे येताना मात्र लग्नातला शालू माहेरी ठेवून आल्यासारखे सगळे वाळूच्या रंगात! चारशे पक्षी, चारशे भुरे.

“नाना, हा मोठा चिखल्या की छोटा?”

“चोच बघ. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनात धर. चोच त्याहून लांब असेल तर मोठा.”

“चोच वाळूत आहे.”

“मग पाय बघ.”

“पाय पाण्यात आहेत.”

“मग थांब ना जरा! घाई कशाची आहे?”

त्यातून शास्त्रज्ञांनी आता छोट्या चिखल्याचे दोन पक्षी केलेत, एक सायबेरियन आणि एक तिबेटी. आधीचा एकच ओळखता येत नव्हता, तेव्हा ही प्रगती. याच अक्षीत शके ९३४चा म्हणतात तो शिलालेख आहे. हजार वर्षं ऊनपाऊस खाल्लेली ती अक्षरं विद्वानांनी लावली. त्यातल्या एकानं जरा इकडे किनाऱ्यावर यायला हवं होतं.

शेवटी एका पक्ष्यानं चोच बाहेर काढली. नानांनी श्वास रोखला. नेमकी तेव्हाच नागावच्या बाजूनं पर्यटकांची चारचाकी बाइक धडधडत आली आणि चारशेच्या चारशे उडाले. नाना त्या धुळीकडे बघून जे बोलले ते बँकेत कधी बोलले नसावेत.

उरली नोंद. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या अ‍ॅपवर यादी भरताना मला एक सोनेरी ओळ सापडली: ‘लहान किनारी पक्षी, जात अनिश्चित’. जगभरच्या तज्ज्ञांनी अधिकृतपणे दिलेली सोय! मी त्यापुढे ४०० लिहिलं आणि फोन खिशात टाकला. नानांनी ते पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

परतताना रस्त्यात शहाळ्याची गाडी लागली. गाडीवाल्यानं प्रत्येकाला विचारलं, “मलईवालं की पाणीवालं?” माझी पाळी आली तेव्हा नानाच पुढे झाले.

“याला कुठलंही द्या,” ते म्हणाले, “याला फरक कळत नाही.”