पाचातला एक

आमच्या साडूंचा मुलगा ॲडलेडला असतो. गेल्या एप्रिलमध्ये तो सांगलीला आला, तेव्हा दोन स्वेटरांत गुंडाळून एक बाटली घेऊन आला. “काका, बुटीक शिराज आहे.”

आमच्या घरात बुटीक म्हणजे विश्रामबागेत बायको ब्लाऊज शिवायला टाकते ते. तिथून आजवर एकही वस्तू वेळेवर आणि मापात आलेली नाही, त्यामुळे मी जरा सावध झालो. भाच्याने खुलासा केला, की शिराज म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन, आणि बुटीक म्हणजे छोटीशी वायनरी. नवरा-बायको मिळून चालवतात, वर्षाला मोजक्याच बाटल्या काढतात. किंमत साठ डॉलर. मी मनातल्या मनात रुपये केले आणि बाटली टेबलाच्या कडेवरून मधोमध सरकवली.

शनिवारी संध्याकाळी आस्वाद घ्यायचा ठरलं. प्यायची नाही हं, आस्वाद घ्यायचा. बँकेतल्या माझ्या निरोप समारंभात मी बिअर प्यालो होतो, तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. आस्वाद म्हटलं की तोंडी परीक्षा आलीच.

पहिली अडचण तापमानाची. ही वाइन म्हणे ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची. पण ती रूम युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. आमची रूम एप्रिलातली. पंखा पाचवर आणि भिंतीला हात लावला तर पोळी भाजून निघेल. शेवटी बाटली फ्रिजमध्ये गेली, दह्याच्या पातेल्याला खेटून. बायकोने दही उचलून वरच्या कप्प्यात ठेवलं. बोलली काही नाही, पण दोन दिवस आमच्याकडे ताक झालं नाही.

बूच काढायचा स्क्रू आमच्याकडे असण्याचं कारणच नव्हतं. तो मी शेजारच्या गल्लीतल्या एका मित्राकडून वर्तमानपत्रात गुंडाळून, अंधार पडल्यावर आणला. येताना सोसायटीच्या सेक्रेटरींनी “काय आणलंत?” म्हणून विचारलं, त्यांना “पाना” म्हणून सांगितलं. आणि ऐन वेळी भाच्याने बाटलीचं झाकण कटकन फिरवून काढलं, खोकल्याच्या औषधाचं काढतात तसं! ऑस्ट्रेलियात म्हणे आता बहुतेक सगळे असंच झाकण लावतात. हे आधी सांगायला काय झालं होतं?

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, मेहुणी, भाचा आणि आमचे सासरे आप्पा. आप्पा तासगावकडचे जुने द्राक्षबागायतदार. खरड छाटणी उरकून नातवाला भेटायला मुद्दाम आले होते. माळकरी माणूस. “म्या पिणार न्हाई,” त्यांनी आल्या आल्या सांगितलं, “पर वास घ्यायला पांडुरंगाची हरकत नसावी.” आणि बाटली हातात घेऊन सोयरीक जुळवायला बसावं तशी चौकशी सुरू केली.

“मिरज ठावं हाय. ह्ये शिराज कुठं आलं?”

“इराणमध्ये त्या नावाचं शहर आहे आजोबा, पण हे द्राक्ष तिथलं नाही. 1998 साली डीएनए तपासला, तेव्हा कळलं की ह्याचे आई-बाप फ्रान्सचे. मोंद्यूझ ब्लांश आणि द्युरेझा. फ्रान्समध्ये ह्याला सिरा म्हणतात.”

“शिरा?” आतून बायको.

“ऑस्ट्रेलियात 1832 मध्ये जेम्स बझ्बी नावाच्या माणसाने लावायला वेलीच्या काड्या नेल्या.”

“काड्या नेल्या म्हंजे भारी काम केलं,” आप्पा म्हणाले. परगावहून काड्या आणणाऱ्या माणसाबद्दल त्यांना उपजत आदर आहे. “मणी केवढा?”

“लहान. जांभळासारखा काळा.”

“साल?”

“जाड.”

“बिया?”

“आहेत की.”

आप्पांनी बाटली खाली ठेवली. ज्या माणसाने उभा जन्म मणी फुगवण्यात, साल पातळ ठेवण्यात आणि घडाघडाला जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, द्रावणात बुडवण्यात घालवला, त्याच्यासमोर नातू बारीक, जाड सालीच्या, बियाळ द्राक्षाचं कौतुक करत होता. भाच्याने परोपरीने सांगितलं, की वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो, रस काय पाण्यासारखाच असतो. मणी लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. आप्पांना ते पटलं, पण आवडलं नाही. आमच्याकडे असला माल दलाल गाडीतून खालीसुद्धा उतरवून घेणार नाही.

“डॉगरीजच्या खुंटावर भरलेली बाग असंल?”

“नाही आजोबा, ॲडलेडकडे सहसा दुसऱ्या जातीच्या मुळांचा खुंट लागत नाही. स्वतःच्याच मुळांवर. बरोसा म्हणून खोरं आहे, तिथे 1843 साली लावलेल्या वेली अजून फळ देतात.”

आप्पा बराच वेळ गप्प. आमच्याकडे बाग पंधरा वर्षं टिकली, की मालक पेढे वाटतो. “पावणेदोनशे वर्सं,” ते शेवटी म्हणाले, “आन् कर्ज कवा फिटलं?”

मग हिशेब. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं, हे कळल्यावर आप्पांनी चार किलोच्या पेटीच्या भावाने आडवा-तिडवा गुणाकार केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मेहुणीने घाईघाईने भडंगाची ताटली पुढे केली.

ग्लास आमच्या लग्नातल्या आहेराचे, वर गुलाबाची नक्षी असलेले. भाच्याने तळाला दोन बोटं वाइन ओतून ग्लास गोल फिरवायला सांगितला. मी फिरवला. वाइन थोडी माझ्या बाहीवर, थोडी भडंगात. उरलेली काचेवरून ओघळत खाली आली. “हे वाइनचे अश्रू,” भाचा म्हणाला. बाहीवरचा डाग बघून बायकोच्याही डोळ्यांत तेच होते.

“आता वास घ्या काका. काय येतंय?”

मी नाक ग्लासात घातलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “द्राक्ष.”

भाचा हसला. वाइनला द्राक्षाचा वास येतो म्हणणं हे त्या जगात अगदीच गावंढळ समजतात. चामडं चालतं, तंबाखू चालते, ओलं लाकूड चालतं. द्राक्ष तेवढं म्हणायचं नाही. मग मी घोट घेतला. तोंडातली लाळ एका क्षणात आटली. कृष्णेच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली, की गाळ जसा खाली बसतो, तशी माझी जीभ बसली. हे टॅनिन, आणि ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, असं भाचा म्हणाला. धरतं कसलं, जप्ती आणतं!

“आणि मिरी? काळी मिरी येते की नाही? शिराजची ओळखच ती.”

मी पुन्हा हुंगलं. डावीकडून, उजवीकडून, डोळे मिटून. मिरी नव्हती. मेहुणी म्हणाली, “हो गं बाई, आहे!” बायकोने चमच्याने, औषध घ्यावं तशी घेतली आणि म्हणाली, “साराला फोडणी दिल्यासारखं लागतंय.” आप्पांनी न पिता ग्लास नाकाखालून एकदाच फिरवला. “जांभळं. झाडाखाली पडून फुटल्याली. आन् मिरी. आन् मागनं बेदाण्याच्या शेडचा वास.” भाच्याने आजोबांच्या पायाला हात लावला. त्याने म्हणे पैसे भरून सहा आठवड्यांचा कोर्स केला होता.

“तुम्हांस्नी आली का मिरी, पाव्हणं?”

जावयाने सासऱ्यापुढे हार मानायची नसते. “येतेय की,” मी म्हणालो, “हळूहळू.”

भाच्याने माझ्याकडे डॉक्टरसारखं पाहिलं. “काका, खरं सांगा. ह्या वासाच्या द्रव्याला रोटंडोन म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनीच 2008 साली ते शोधून जाहीर केलं. मिरीत असतं तेच. आणि पाचातल्या साधारण एकाला ते कितीही दिलं तरी येतच नाही.”

खोलीत पाच माणसं होती. चौघांनी माझ्याकडे पाहिलं.

“म्हणून!” बायको म्हणाली. “कोरोनात रोज काढा देत होते, तर हे म्हणायचे, आज मिरी विसरलीस वाटतं. मी आपली मूठ वाढवत गेले!” त्या काळात माझा घसा का जळायचा, ते मला चार वर्षांनी कळलं. मी तेव्हा दोनदा टेस्ट करून घेतली होती.

बाटली संपली नाही. उरलेली पुन्हा दह्याच्या जागी गेली. आप्पा जाताना रिकामी झाल्यावर बाटली ठेवून द्या म्हणाले, फवारणीचं औषध मोजायला बरी आहे.

रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन मिसळणाचा डबा उघडला. चार मिरे खलबत्त्यात कुटले, तळहातावर घेतले आणि छाती भरून वास ओढला.

“आली का हो?” आतल्या खोलीतून बायकोने विचारलं.

“आली,” मी म्हणालो. शिंक तर आलीच होती.